‘अच्छा, म्हणून!’ की ‘असं कसं?’ : भूतकाळात नेलेल्या विनोदी भागाच्या प्रतिक्रिया कशा वाचायच्या

प्रश्न थोडक्यात असा. विनोदी मालिका तिसऱ्या वर्षात आहे. एका घरात दोन भाऊ, थोरला चलाख, धाकटा भोळा. थोरला दर भागात धाकट्याला गंडवायला जातो आणि शेवटी स्वतःच तोंडघशी पडतो. १५० व्या भागात तुम्ही सगळी गोष्ट तीस वर्षं मागे नेलीत. वडिलांच्या माघारी घराच्या कागदांवर सह्या कशा झाल्या ते दाखवलंत, आणि शेवटच्या दोन मिनिटांत उघड केलंत की थोरल्याची ती पहिली लबाडी धाकट्याला तेव्हाच कळली होती. तो मुद्दाम गप्प बसला. यावर निम्मे प्रेक्षक म्हणतात आजवरचा सगळ्यात सुंदर भाग, निम्मे म्हणतात मालिकेची वाट लावलीत. शिवाय ‘त्या काळी असा फोन नव्हता’, ‘असा पंखा नव्हता’ म्हणणारे वेगळेच. यातलं मनावर काय घ्यायचं आणि असा भाग पुन्हा करायचा का, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं विनोदी मालिकांच्या पटकथा तपासते आणि दुरुस्त करते. भूतकाळात जाणाऱ्या भागांवरच्या प्रतिक्रियांचे गठ्ठेच्या गठ्ठे वाचले आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी फोन आणि पंखा. चूक खरी असेल तर सरळ मान्य करा, सांगणाऱ्याचे आभार माना, पुढच्या वेळी सेटवरच्या वस्तू पुरवणाऱ्यांना वर्षनिहाय यादी द्या. पण तिथेच थांबू नका. प्रेक्षक जी तक्रार लिहितो ती बहुतेकदा त्याला सापडलेली तक्रार असते. टोचलेलं काहीतरी वेगळंच असतं आणि ते त्याला नेमकं शब्दांत पकडता येत नाही.

हे मला एका फोटोनं शिकवलं. आमच्या एका मालिकेत मुख्य पात्र विधुर होतं. बायको चार वर्षं फक्त भिंतीवरच्या फोटोत होती. बाहेर पडताना तो रोज चपला घालता घालता त्या फोटोकडे बघून एखादं वाक्य टाकायचा, आणि त्या वाक्याला हमखास हशा मिळायचा. मग एका खास भागात आम्ही त्यांच्या लग्नाचं पहिलं वर्ष दाखवलं. बायकोच्या कामाला फार ताकदीची अभिनेत्री मिळाली. फटकळ, हजरजबाबी, प्रत्येक वाक्याला टोला. सेटवर सगळे खूश होते. प्रसारणानंतर तक्रारी आल्या त्या टेलिफोनच्या. आम्ही बटणांचा फोन ठेवला होता आणि त्या वर्षी घरोघरी डायलचे फोन होते. चूक आमचीच होती, आम्ही ती लिहून घेतली आणि फाइल बंद करणार होतो. एवढ्यात एका पत्रातल्या ओळीवर मी अडकले. ‘फोटोतल्या बाई एवढ्या बोलत नसत.’

फोटो कधी बोलला होता? पण चार वर्षं तो बोलत होता आणि ती ऐकत होती. प्रेक्षकांनी तिला ‘ऐकणारी’ म्हणून मनात घर दिलं होतं. आम्ही ते कुठेच लिहिलं नव्हतं. त्यांनीच ते रचलं होतं, आणि आम्ही एका रात्रीत ते मोडलं. मी फोनच्या तक्रारींचा गठ्ठा पुन्हा उघडला. जवळजवळ प्रत्येक पत्रात फोनचं झाल्यावर शेवटी एखादं वाक्य तिच्याबद्दल होतंच.

तेव्हापासून मी अशा प्रतिक्रिया ‘आवडलं’ आणि ‘नाही आवडलं’ अशा लावत नाही. मी त्यातले उद्गार शोधते. एक उद्गार असतो ‘अच्छा, म्हणून!’ आणि दुसरा ‘असं कसं?’. पहिल्यात भूतकाळानं आजच्या एखाद्या गोष्टीला कारण दिलेलं असतं. दुसऱ्यात भूतकाळानं आजची गोष्ट खोटी पाडलेली असते. एकाच भागावर दोन्ही उद्गार येऊ शकतात. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

‘द सिम्पसन्स’ ही अमेरिकी मालिका याचा चांगला धडा आहे, कारण तिथे दोन्ही टोकं एकाच कुटुंबाबाबत बघायला मिळतात. १९९१ च्या जानेवारीत त्यांनी पहिल्यांदा एक भाग भूतकाळात नेला. घरातला टीव्ही बिघडतो, मुलं कंटाळतात, आणि आई-बाप १९७४ मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षात कसे जमले ते सांगितलं जातं. १९९५ मध्ये आणखी एक भाग आला. घरच्या अल्बममध्ये धाकट्या मॅगीचे फोटोच का नाहीत, असं मुलं विचारतात. उत्तर भागाच्या शेवटी मिळतं. बापानं, म्हणजे होमरनं, मनासारख्या कामासाठी नोकरी सोडलेली असते, तिसऱ्या मुलाची चाहूल लागल्यावर त्याला हात जोडून जुन्या जागी परतावं लागतं, आणि मालक त्याच्यासमोर ‘विसरू नकोस, तू इथे कायमचा आहेस’ अशा अर्थाची पाटी लावतो. होमर मॅगीचे सगळे फोटो त्या पाटीवर असे चिकटवतो की उरलेल्या अक्षरांतून ‘तिच्यासाठी कर’ एवढंच वाचता येतं. फोटो घरात नसण्याची ही अगदी साधी बाब. तिच्यावर कुणी कधी विचारही केला नसेल. भूतकाळानं तिला कारण दिलं आणि अनेक चाहत्यांच्या मनात तो भाग कायमचा राहिला. हा शुद्ध ‘अच्छा, म्हणून!’.

मग २००८ चा जानेवारी. पात्रांचं वय वाढत नाही, मुलगा अजून दहा वर्षांचाच, म्हणजे आई-बापाचं तरुणपण १९९० च्या दशकातच असायला हवं, या हिशोबानं त्यांनी नवा भाग केला. होमर ग्रंज या रॉक प्रकारातल्या बँडमध्ये गातोय, आई मार्ज विद्यापीठात शिकतेय, लग्न अजून झालेलं नाही. हिशोब अगदी बरोबर होता. तरीही चाहते जाम भडकले. १९७४ ची ती भेट त्यांनी स्वतः पाहिली होती, तो भाग पाहून सतरा वर्षं झाली होती, आणि आता मालिका म्हणत होती की ते तसं नव्हतंच. गणित सुटलं आणि आठवण हिरावली गेली. अशा वेळी प्रेक्षक आठवणीच्या बाजूनं उभा राहतो. मला यात त्याचं काहीच चुकलेलं वाटत नाही.

आता याच्या उलट उदाहरण बघा, नाहीतर वाटेल की विसंगती आली की प्रेक्षक चिडतोच. ‘मॅश’ ही अमेरिकी मालिका कोरियन युद्धावर. युद्ध १९५० ते १९५३, मालिका १९७२ ते १९८३. तीन वर्षांच्या युद्धाला अकरा वर्षं लागली. कर्नल पॉटर छावणीचा नवा प्रमुख म्हणून येतो त्या भागात तारीख स्पष्ट दिली आहे, सप्टेंबर १९५२. आणि १९८० च्या अखेरीस आलेल्या एका भागात हाच पॉटर १९५१ च्या नववर्षाचं स्वागत करताना दिसतो, स्वतः येण्याच्या दीड वर्षाहून जास्त आधी! चूक ढळढळीत आहे आणि जाणकार ती आजही दाखवतात. पण त्यामुळे कुणाला पॉटर परका झाला नाही. १९८३ मध्ये मालिकेचा शेवटचा भाग अमेरिकेत दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. कारण तारीख चुकली तरी माणसं चुकली नव्हती. पॉटर तसाच होता, त्याची मायाही तशीच होती. कॅलेंडरची चूक प्रेक्षक डोक्यात नोंदवतो. माणूस बदललेला मात्र त्याला लागतो.

तरीही फोन-पंखावाल्यांना मी अगदीच बाजूला सारत नाही, कारण तुम्ही फक्त तीस वर्षं मागे गेलात. इतक्या जवळचा काळ असला की घराघरात साक्षीदार असतात. ब्रिटनमध्ये १९६८ साली ‘डॅड्स आर्मी’ सुरू झाली तेव्हा तिची गोष्ट जिथे सुरू होते त्या दुसऱ्या महायुद्धातल्या १९४० सालाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, म्हणजे तुमच्याएवढंच अंतर. म्हाताऱ्या, लढाईवर न जाऊ शकलेल्या माणसांच्या स्वयंसेवक तुकडीवर विनोद करायचा म्हणजे देशाच्या अभिमानाची थट्टा ठरेल, अशी धास्ती बीबीसीतच होती. म्हणून पहिला भाग थेट १९४० मध्ये उघडत नाही. आधी १९६८ मधला एक समारंभ दिसतो, तुकडीचे प्रमुख, आता वय झालेले कॅप्टन मेनवेरिंग भाषणाला उभे राहतात, आणि त्यांच्या बोलण्यातून आपण मागे जातो. एका अर्थी पुढची सगळी मालिकाच एका माणसाची आठवण आहे. प्रसारणाआधी निमंत्रित प्रेक्षकांना भाग दाखवला तेव्हा बहुतेकांचं मत वाईट पडलं होतं. तो अहवाल निर्माते डेव्हिड क्रॉफ्ट यांनी वरपर्यंत पोचू दिला नाही, असं सांगितलं जातं. मालिका पुढे १९७७ पर्यंत चालली, ८० भाग झाले. अहवाल दडपावा असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या रात्रीचं मत म्हणजे शेवटचं मत नव्हे, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

काळ लांबचा असला की वाद वस्तूंवरून अर्थाकडे सरकतो. पहिल्या महायुद्धावरच्या ‘ब्लॅकअ‍ॅडर गोज फोर्थ’ या ब्रिटिश विनोदी मालिकेचा शेवटचा भाग नोव्हेंबर १९८९ चा. खंदकातून बाहेर पडून धावण्याचं चित्रीकरण मनासारखं झालं नव्हतं. संकलनात ते संथ केलं आणि अखेरीला पॉपीच्या, म्हणजे तिकडे युद्धात मेलेल्यांच्या आठवणीत लावतात त्या फुलांच्या शेतात विरघळवलं. हसायला बसलेले लोक सुन्न झाले. पुढे २०१४ मध्ये, युद्धाला शंभर वर्षं होत असताना, एका ब्रिटिश मंत्र्यानं या मालिकेवर युद्धाचं चुकीचं चित्र रुजवल्याचा आरोप केला आणि मोठा वाद झाला. त्यात गणवेशाची बटणं कुणी मोजली नाहीत. ती माणसं कशासाठी मेली, यावर वाद होता.

तुमच्या प्रतिक्रियांमध्ये आणखी एक सूर असेल, बहुधा तो तुम्ही सुटा काढला नसेल. ‘पहिली दहा मिनिटं कंटाळवाणी वाटली.’ हे वाचून लगेच लेखकाला दोष देऊ नका. आम्ही एक मालिका समोर प्रेक्षक बसवून चित्रित करायचो. एकदा भूतकाळातला प्रसंग होता. दिवे लागले, नट आत आले, आणि पहिले तीन विनोद सपशेल पडले. एकही हशा नाही. तालमीत याच विनोदांवर तंत्रज्ञसुद्धा हसले होते, त्यामुळे लेखकांचे चेहरे उतरले. मी मात्र प्रेक्षकांकडे बघत बसले होते. त्यांच्या माना हलत होत्या. विगवरून भिंतीकडे, भिंतीवरून कपाटाकडे, कपाटावरून परत विगकडे. ते बघण्यात गुंतले होते, ऐकायला मोकळेच नव्हते. मग तरुणपणीचं पात्र करणाऱ्या मुलानं बसण्याआधी खुर्चीवरून दोनदा हात फिरवला. मूळ नट वर्षानुवर्षं अगदी तसाच हात फिरवून मग बसायचा. अख्खा स्टुडिओ हसला, टाळ्या वाजल्या. त्यात विनोद काहीच नव्हता, ओळख पटल्याची दाद होती. त्यानंतरचा प्रत्येक विनोद मग लागला. तेव्हापासून भूतकाळाच्या पहिल्या मिनिटात मी शाब्दिक विनोद ठेवू देत नाही. आधी डोळ्यांना वेळ द्यायचा, मग एक लकब द्यायची, मग बोलायचं.

आता तुमच्या दोन भावांकडे येते. तुमचा शेवट मला मनापासून आवडला. धाकटा सगळं जाणून गप्प बसला यात मोठी माया आहे, आणि ज्यांना भाग सुंदर वाटला त्यांना तीच दिसली. पण रागावलेल्यांकडे नीट बघा. १४९ भाग ते थोरल्याच्या बाजूला बसून धाकट्याच्या भोळेपणावर हसले. आता तुम्ही सांगितलंत की तो भोळा नव्हताच. म्हणजे जे हसू त्यांनी त्याच्यावर हसलं ते परत त्यांच्याच अंगावर आलं. काहींना त्यात गंमत वाटली, ते जुने भाग पुन्हा बघायला बसतील. काहींना आपणच गंडवले गेलो असं वाटलं. दोघांनीही तुमचा भाग नीटच पाहिलाय. त्यामुळे कुणाची संख्या जास्त हे मोजून काही हाती लागणार नाही.

मग काय मोजायचं? एक काम करा, दोन दिवस लागतील पण करा. जुन्या भागांतून धाकटा एकटा असतानाचे प्रसंग काढा. खोलीत कुणी नाही, नाटक करायला समोर माणूसच नाही, असे. त्या प्रसंगांत तो काय करतो? थोरला निघून गेल्यावरही तो त्याच्या थापेवर विश्वास ठेवून एकटाच वाट बघत बसलाय, एकटाच आनंदानं उडी मारतोय, असं असेल, तर ‘असं कसं?’ विचारणारे बरोबर आहेत. चारचौघांत भोळं वागणं म्हणजे माया म्हणता येईल. एकांतात भोळं वागणारा माणूस खरोखरच भोळा असतो, आणि प्रेक्षक नेमके हेच प्रसंग तुमच्या तोंडावर फेकतील. माझा अंदाज आहे, आलेल्या तक्रारींत अशा दोन-तीन प्रसंगांचा उल्लेख आत्ताच सापडेल. असे प्रसंग फारसे नसतील तर तुम्ही जिंकलात, जुने भाग खोटे न पडता जास्त खोल झाले.

आणि असे प्रसंग भरपूर निघाले तर? तरी मागे फिरू नका. ‘ते स्वप्न होतं’, ‘ती थोरल्याची कल्पना होती’ असल्या पळवाटा काढल्यात तर ज्यांना भाग आवडला तेही जातील आणि चिडलेले परत येणार नाहीत. त्यापेक्षा अर्थ थोडा अरुंद करा. धाकट्याला ती एकच लबाडी कळली होती, पहिली, घराच्या कागदांची. बाकीच्या त्याला खरंच कळत नाहीत. तो भोळाच आहे, फक्त आयुष्यात एकदा त्याला सगळं लख्ख दिसलं आणि त्या एका वेळी त्यानं भाऊ निवडला. हे कुठल्याही जुन्या प्रसंगाला धक्का लावत नाही. खरं तर भोळ्या माणसानं केलेली एकमेव हुशारी म्हणून ते जास्त हलवणारं आहे. पण हे पात्राच्या तोंडून समजावून सांगू नका. स्पष्टीकरण आलं की प्रेक्षकाला दुरुस्तीचा वास येतो.

आणखी एक गोष्ट तुमच्या भागात मला खटकली. तो भूतकाळ सांगत कोण होतं? कुणीच नाही, कॅमेराच सांगत होता. एखाद्या पात्रानं सांगितलेला भूतकाळ ही त्याची आठवण असते. तिच्यात चूक राहू शकते, दुसरं पात्र ‘असं नव्हतं’ म्हणू शकतं, आणि प्रेक्षकालाही मान्य न करण्याची सोय असते. कॅमेऱ्यानं परस्पर दाखवलेलं मात्र निकालासारखं असतं. पुन्हा असा भाग केलात तर सांगणारा ठरवा. आणि पूर्ण भागच हवा असंही नाही. ‘फ्रेंड्स’ या अमेरिकी विनोदी मालिकेत १९९६ साली एका नेहमीच्या भागात जुनी घरगुती व्हिडिओ कॅसेट लागते. काही मिनिटांत, रेचलवर प्रेम करणाऱ्या रॉसनं अनेक वर्षांपूर्वी तिच्यासाठी काय करायची तयारी केली होती ते तिला दिसतं, ती उठते आणि त्याच्याकडे चालत जाते. स्टुडिओतल्या प्रेक्षकांचा तो गलका आजही ऐकण्यासारखा आहे. भूतकाळ थोडाच होता, पण त्यानं लगेच वर्तमानात काहीतरी हललं.

तुमच्या भागात तेच राहून गेलंय. उघड झालं आणि श्रेयनामावली सुरू झाली. वर्तमानात काहीही हललं नाही. म्हणून १५० व्या भागाच्या प्रतिक्रियांइतकंच १५१ आणि १५२ कडे बघा. थोरल्यानं नवी थाप मारली तेव्हा लोक पूर्वीसारखे हसले का, की त्यांना आता धाकट्याच्या चेहऱ्यावर काही शोधावंसं वाटतंय? ते शोधत असतील आणि तिथे त्यांना काहीच सापडत नसेल, तर नाराजी दर आठवड्याला थोडी थोडी वाढेल.

म्हणून येत्या तीन-चार भागांत त्यांना एकदा काहीतरी सापडू द्या. मी असा प्रसंग लिहीन. नेहमीचा विनोदी भाग चाललाय, थोरल्याची नवी योजना, फसवा कागद, घाई. तो धाकट्याला हाक मारतो, ‘इथे सही कर.’ धाकटा पेनाचं टोपण काढतो. कागद वाचत नाही. एक क्षण थोरल्याच्या तोंडाकडे बघतो, तीस वर्षांपूर्वी बघितलं होतं तसंच, आणि विचारतो, ‘कुठे करू?’ आणि करतो. मग गोष्ट नेहमीसारखी पुढे पळू द्या. नटाला एवढंच सांगा की त्या बघण्यात हसू नको आणि रडूही नको. आणि त्या क्षणामागे संगीत घालू नका.